सगळ्यांना एकच इंजिन? रेसिंगवाल्यांनी खर्च कसा आवरला आणि आपण त्यातून काय घ्यायचं



गेल्या महिन्यात आपल्या कोल्हापूरच्या बॅचला एक ताई आल्या होत्या. घरगुती लोणच्यांचा व्यवसाय, सात वर्षं झाली. आंबा, लिंबू, मिरची, करवंद, मिक्स असे पाच प्रकार. माल चांगला, गिऱ्हाईक बांधलेलं, तरी वर्षाच्या शेवटी हातात काही उरत नाही. घरच्यांनी सरळ सांगितलंय, हा आंब्याचा सीझन बघ, नाही जमलं तर बंद कर.

ताई ठरवूनच आल्या होत्या. म्हणाल्या, "सर, माझ्याकडे नऊ तऱ्हेच्या बरण्या आहेत, नऊ तऱ्हेची झाकणं आहेत, तेल चार ठिकाणाहून येतं, मसाला प्रत्येक लोणच्याचा वेगळा. आता सगळं एकच करते. एकच बरणी, एकच मसाला, एकच तेलवाला. खर्च खाली येईल ना?"

मी म्हटलं, "येईल. पण दुकानही खाली येऊ शकतं. जरा थांबा, तुम्हाला मोटार रेसिंगची गोष्ट सांगतो."

बॅचमध्ये हसले सगळे. पण जगात "सगळं एकसारखं करून खर्च वाचवायचा" हा प्रयोग सर्वात जाहीरपणे आणि सर्वात मोठ्या पैशांवर जर कुठे झाला असेल, तर तो रेसिंगमध्ये. आणि तोही पुन्हा पुन्हा. काही वेळा जमला, काही वेळा अंगाशी आला. माझं साताऱ्यात टू-व्हीलरच्या सुट्या भागांचं दुकान आहे, त्यामुळे इंजिनाचा विषय निघाला की मी थांबत नाही हे तुम्हाला माहीत आहेच. व्हिडिओत हे सगळं पंधरा मिनिटांत घाईघाईने झालं, म्हणून इथे नीट लिहितोय.

आधी हे बघा: इंजिनाचा पैसा नेमका जातो कुठे?

आपल्याला वाटतं, रेसच्या गाडीचं इंजिन महाग कारण त्यातला धातू भारी, सुटे भाग भारी. ते आहेतच. पण खरा पैसा इंजिन *बनवण्यात* कमी आणि इंजिन *शोधून काढण्यात* जास्त जातो. डिझाइन, चाचण्या, टेस्टिंगच्या खोलीत महिनोन्महिने चालवून फोडलेली इंजिनं, आणि हे सगळं करणारे शेकडो इंजिनिअर.

हा खर्च एकदाच होतो. त्यातून दहा इंजिनं निघोत की शंभर, तो तेवढाच. हिशेबापुरतं समजा, या शोधण्यावर १० कोटी रुपये गेले. दहा इंजिनं बनवली तर प्रत्येक इंजिनाच्या डोक्यावर १ कोटी. शंभर बनवली तर १० लाख. इंजिन तेच, फक्त बोजा वाटला गेला.

तुमच्याकडेही हेच असतं. पाउच छापायला देताना सिलिंडरचा खर्च एकदाच द्यावा लागतो, मग पाउच पाच हजार छापा नाहीतर पन्नास हजार. पाच प्रकारांचे पाच डिझाइन केले की पाच वेळा सिलिंडर. "एकसारखं करा" या सल्ल्याच्या मुळाशी एवढंच गणित आहे. ते खरं आहे. पण ते अर्धंच आहे.

लाकडाच्या व्यापाऱ्याला चॅम्पियन करणारं इंजिन

१९६० च्या दशकात इंग्लंडमधल्या कॉस्वर्थ नावाच्या छोट्या कंपनीने फॉर्म्युला वनसाठी एक इंजिन बनवलं. त्याचं नाव डीएफव्ही. तीन लिटरचं, आठ सिलिंडरचं. त्याच्या विकासासाठी फोर्ड कंपनीने १ लाख पौंड दिले होते आणि डिझाइन होतं कीथ डकवर्थ यांचं. ४ जून १९६७ रोजी नेदरलँड्समधल्या झांडवूर्टला हे इंजिन पहिल्यांदा रेसमध्ये उतरलं आणि जिम क्लार्कने ती पहिलीच रेस जिंकली.

पहिल्या वर्षी ते एकट्या लोटस टीमकडे होतं. पण १९६८ पासून ते इतरांनाही विकायचं ठरलं. किंमत होती साधारण ७,५०० पौंड. आता बघा काय झालं. ज्याच्याकडे इंजिनाचा कारखाना नाही, असा माणूसही फॉर्म्युला वनमध्ये उतरू शकत होता. इंजिन कॉस्वर्थकडून घ्यायचं, गिअरबॉक्स ह्यूलँड कंपनीकडून घ्यायचा, आणि आपली सगळी अक्कल गाडीच्या सांगाड्यात आणि ड्रायव्हरमध्ये ओतायची.

केन टिरेल हे लाकडाचे व्यापारी. त्यांची टीम लाकडाच्या वखारीतून चालायची. १९६९ साली त्यांच्याच टीमच्या गाडीत, डीएफव्ही इंजिनावर, जॅकी स्टुअर्ट जगज्जेता झाला. १९६९ आणि १९७३ या दोन वर्षांत तर जागतिक स्पर्धेतली एकूण एक रेस डीएफव्हीच्या गाडीनेच जिंकली. १९६७ ते १९८३ या काळात या इंजिनाच्या नावावर १५५ विजय लागले.

यातली महत्त्वाची गोष्ट अशी की "सगळ्यांनी हेच इंजिन वापरा" असा नियम कुणीही केलेला नव्हता. फेरारी स्वतःचं इंजिन बनवत होती, बनवत राहिली. डीएफव्ही सगळीकडे पोचलं कारण ते चांगलं होतं, परवडत होतं आणि विकत मिळत होतं. आणि रेस कंटाळवाण्या झाल्या का? नाही. कारण इंजिन सारखं असलं तरी गाड्या वेगळ्या होत्या, डोकी वेगळी होती.

पहिला धडा हा. चांगली समाईक वस्तू लहान माणसाला उभं करते.

२००८: जेव्हा वरून हुकूम येतो

आता चाळीस वर्षं पुढे येऊ. २००० नंतर फॉर्म्युला वनमध्ये मोठ्या गाडी कंपन्या उतरल्या होत्या. फेरारी, मर्सिडीज, रेनो, बीएमडब्ल्यू, होंडा, टोयोटा. प्रत्येकाचं स्वतःचं इंजिन आणि प्रत्येकाची तिजोरी उघडी. त्या काळात इंजिन २०,००० आरपीएमपर्यंत फिरायला लागलं. आपली मोटारसायकल आठ-नऊ हजारांवर किंचाळायला लागते, यावरून अंदाज करा. असं इंजिन काहीशे किलोमीटर टिकायचं. २००४ मध्ये "एका शनिवार-रविवारला एकच इंजिन" असा नियम करावा लागला, म्हणजे त्याआधी काय चालत असेल!

मग एफआयए, म्हणजे मोटार स्पर्धांची जागतिक संघटना, ब्रेक लावायला लागली. २००५ मध्ये एक इंजिन दोन रेससाठी. २००६ मध्ये दहा सिलिंडरऐवजी आठ. २००७ पासून इंजिनांचं डिझाइन गोठवलं, म्हणजे त्यात नवीन काही करायचं नाही, आणि फिरण्याला १९,००० ची मर्यादा.

तरीही २००८ च्या मंदीत गाडी अडकलीच. ५ डिसेंबर २००८ ला होंडाने फॉर्म्युला वन सोडत असल्याचं जाहीर केलं. इंग्लंडमधल्या ब्रॅकलीच्या त्यांच्या टीममध्ये साधारण ७०० माणसं होती. ख्रिसमसच्या तोंडावर नोकरी राहणार की जाणार, काही पत्ता नाही.

एफआयएचे तेव्हाचे अध्यक्ष मॅक्स मोस्ली यांच्याकडे एक उत्तर तयार होतं. सगळ्यांसाठी एकच प्रमाणित इंजिन. त्यासाठी कॉस्वर्थशी बोलणी, गिअरबॉक्ससाठी एक्सट्रॅक आणि रिकार्डो. टीमना तीन पर्याय दिले: हे इंजिन विकत घ्या, किंवा याच डिझाइनवरून स्वतः बनवा, किंवा तुमचं स्वतःचं इंजिन ठेवा पण त्याची ताकद या प्रमाणित इंजिनाएवढीच ठेवा.

कागदावर छान दिसतं. पण फेरारीच्या संचालक मंडळाने त्याआधीच, ऑक्टोबरमध्ये, स्पष्ट केलं होतं की इंजिनं एकसारखी होणार असतील तर या खेळात राहायचं का याचा आम्हाला विचार करावा लागेल.

फेरारीच्या जागी स्वतःला ठेवून बघा. तिची ओळखच इंजिन. लोक लाल रंग बघतात, पण तो आवाज ऐकायला येतात. तिला "दुसऱ्याचं इंजिन बसव" म्हणणं म्हणजे एखाद्या मिसळवाल्याला "कट बाहेरून पिंपात येईल, तू फक्त फरसाण घाल" म्हणण्यासारखं. खर्च वाचेल, पण मग पाटी कशाला लावायची?

मग तोडगा काय निघाला?

इथे मला रेसिंगवाल्यांचं खरं कौतुक वाटतं. एकच इंजिन आलं नाही. डिसेंबर २००८ मध्येच एफआयए आणि टीम यांचं जे ठरलं त्यात तीन साध्या गोष्टी होत्या.

एक, आयुष्य वाढवा. २००९ पासून एका ड्रायव्हरला अख्ख्या सीझनला आठच इंजिनं. त्या वर्षी रेस होत्या सतरा. नववं इंजिन काढलं की सुरुवातीच्या रांगेत दहा जागा मागे.

दोन, ताण कमी करा. फिरण्याची मर्यादा १९,००० वरून १८,००० वर आणली. कमी फिरतं ते जास्त टिकतं, हे कुठलाही गॅरेजवाला सांगेल.

तीन, भावाला छत घाला. ज्यांचं स्वतःचं इंजिन नाही अशा टीमना २०१० पासून वर्षाला ५० लाख युरोच्या आत इंजिन मिळेल, असं ठरलं.

म्हणजे बघा, इंजिन *एक* केलं नाही. इंजिनामागचा *खर्च जिथून गळत होता* ती भोकं बुजवली. नावं वेगळी राहिली, आवाज वेगळे राहिले, फेरारी फेरारीच राहिली.

आणि त्या होंडाच्या टीमचं काय झालं? मार्च २००९ मध्ये रॉस ब्रॉन यांनी ती नावापुरत्या १ पौंडाला घेतली. इंजिन मर्सिडीजकडून विकत घेतलं. तयार सांगाडा होंडाच्या मापाचा, त्यामुळे मर्सिडीजचं इंजिन बसवायला मागची बाजू कापाकापी करून जुळवावी लागली. बरीच माणसं कमी करावी लागली, तेही लपवायचं कारण नाही. पण त्याच वर्षी ब्रॉन जीपी या नावाने ती टीम आणि तिचा ड्रायव्हर जेन्सन बटन, दोघेही जगज्जेते झाले. विकतच्या इंजिनावर.

दुसरा धडा. "एकच करू का?" हा प्रश्न नंतरचा. आधी विचारा, "गळतंय कुठे?"

पाणी उताराची वाट शोधतंच

आता दुसरी बाजू. इंजिन गोठवलं, मग वाचलेला पैसा टीमनी बँकेत ठेवला असेल असं वाटतंय का?

२००९ मध्ये ब्रेकची ऊर्जा साठवून पुन्हा वापरणारी केर्स नावाची यंत्रणा आली. त्यावर एवढा खर्च झाला की २०१० मध्ये टीमनी आपसात ठरवून ती वापरलीच नाही. २०११ मध्ये पुन्हा आली. आणि इंजिनात बदल करता येत नाही म्हटल्यावर काहींनी इंजिनाचा *धूर* वापरायला घेतला. एक्झॉस्टचा झोत गाडीच्या मागच्या तळाखाली सोडायचा, म्हणजे गाडी रस्त्याला आणखी चिकटते. ड्रायव्हरने ॲक्सिलरेटरवरचा पाय काढला तरी झोत थांबू नये अशी इंजिनाची सेटिंग करायची. रेनोचं इंजिन वापरणारी रेड बुल टीम यात सगळ्यांच्या पुढे होती आणि २०११ चे दोन्ही किताब तिने नेले. २०१२ ला नियम बदलून हे बंद केलं, तोवर बाकीच्यांनीही त्यामागे पैसा घातला होताच.

म्हणजे एका जागी कुलूप लावलं की खर्च दुसऱ्या दारातून येतो. म्हणून शेवटी २०२१ पासून फॉर्म्युला वनने टीमच्या वार्षिक खर्चावरच मर्यादा घातली, सुरुवातीला १४.५ कोटी डॉलरची. २०२२ पासून इंजिनांचं डिझाइन पुन्हा गोठवलं आणि २०२३ पासून इंजिन बनवणाऱ्यांच्या खर्चालाही वेगळी मर्यादा लावली. ही अक्कल यायला किंमतही पडली. २०१४ मध्ये नवीन हायब्रिड इंजिनं आली, महाग होती, आणि त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये मारुशिया आणि केटरहॅम या दोन छोट्या टीम दिवाळखोरीच्या दारात गेल्या. एकट्या इंजिनामुळे गेल्या असं मी म्हणणार नाही, पण लहान टीमच्या अंगावर तो बोजा होताच.

आपल्याकडे हे रोज घडतं. दुकानदार सांगतो, "सर, पॅकिंगचा खर्च कमी केला." मी विचारतो, मग पैसे कुठे आहेत? तर तेवढ्याच पैशांची नवी स्कीम चालू केलेली असते, नाहीतर डिलिव्हरीला जास्तीचा पोरगा ठेवलेला असतो. एका खात्यात वाचलं ते गल्ल्यात आलं का, हे बघितल्याशिवाय "वाचलं" म्हणू नका.

तिसरा धडा संपला. आता सर्वात महागडा.

एकच पुरवठादार: सुख आणि धोका

अमेरिकेत इंडीकार नावाची मालिका आहे. इंडियानापोलिसची ५०० मैलांची प्रसिद्ध रेस तिच्यातलीच. २००५ च्या सीझननंतर शेवरोले आणि टोयोटा बाहेर पडले आणि २००६ ते २०११ ही सहा वर्षं सगळ्या गाड्यांना एकट्या होंडाचं इंजिन होतं.

फायदा काय झाला? हरवायला समोर कुणी नाही, त्यामुळे होंडाने इंजिन ताकदीच्या टोकावर नेण्याऐवजी टिकाऊ केलं. २००६ च्या इंडियानापोलिस ५०० मध्ये ३३ गाड्या धावल्या आणि एकीचंही इंजिन बिघडलं नाही. त्या रेसच्या इतिहासात असं पहिल्यांदाच झालं. रेस १९११ पासून चालू आहे, हे लक्षात घ्या.

इतकं सुख असताना २०१२ मध्ये त्यांनी पुन्हा स्पर्धा का उघडली? कारण सगळ्यांकडे तेच इंजिन असेल तर दुसऱ्या कंपनीने या खेळात पैसा का घालावा? जाहिरात कशाची करायची? २०१२ ला नियम केले: इंजिनाचा आकार ठरलेला, एका इंजिनाने १,८५० मैल पूर्ण करायचे, भाड्याच्या किमतीला मर्यादा. या चौकटीत ज्याला यायचं त्याने यावं. होंडा राहिली, शेवरोले परत आली, लोटस नवीन आली. लोटसचं जमलं नाही, त्यांच्या दोन गाड्या इंडियानापोलिसला इतक्या हळू होत्या की थोड्याच फेऱ्यांत त्यांना बाहेर काढलं. वर्षाअखेर लोटस गेली. पण मालिका थांबली नाही, दोघं होते.

त्याच वर्षी एप्रिलमध्ये लाँग बीचच्या रेसआधी एक प्रकार झाला. चाचणीत शेवरोलेच्या एका इंजिनात दोष सापडला. एकच इंजिन. पण बाकीची त्याच पद्धतीने बनलेली, मग इतरांत तो दोष नाही याची खात्री कोण देणार? शेवरोलेने आपल्या सगळ्या, म्हणजे अकराच्या अकरा गाड्यांची इंजिनं बदलली. ठरलेले मैल पूर्ण होण्याआधी इंजिन बदललं म्हणून अकराही गाड्यांना सुरुवातीला दहा जागा मागे जावं लागलं. गंमत म्हणजे रेस शेवरोलेच्याच विल पॉवरने बाराव्या जागेवरून सुरू करून जिंकली. पण मुद्दा तो नाही. मुद्दा असा की *एकसारख्या मालात दोषही एकसारखाच असतो*. आणि त्या दिवशी मैदानात दुसऱ्या कंपनीची इंजिनं होती. २००८ साली होंडाच्या बाबतीत असं झालं असतं, तर?

हे मी पुस्तकातून सांगत नाहीये. चार वर्षांपूर्वी मी ब्रेक शूजचे तीन पुरवठादार बंद करून एकच ठेवला. ४ टक्के जास्तीची सूट मिळत होती, कपाटातल्या जागा मोकळ्या झाल्या, जीएसटीची बिलं जुळवणं सोपं झालं. आठ महिने मी स्वतःला शाबासकी देत होतो. मग दिवाळीच्या आधी एक लॉट आला, त्याचं लायनिंग सुटायला लागलं. ब्रेकचा मामला, गंमत नाही. माझे चार मेकॅनिक गिऱ्हाईक दारात घेऊन उभे, वितरक फोन उचलेना, आणि जुन्या दोघा पुरवठादारांकडे माझं खातं बंद. रोखीने, चढ्या भावाने माल आणून मी सगळ्यांचे शूज फुकट बदलून दिले. वर्षभरात सुटीतून जे मिळालं होतं ते एका आठवड्यात गेलं. त्यातला एक मेकॅनिक आजही माझ्याकडे येत नाही. त्याचं बरोबर आहे.

निवड करून एकसारखं: फॉर्म्युला ई

सर्वात शहाणं उदाहरण शेवटी ठेवलंय. त्यात आपला मुंबईचा महिंद्रा समूहही आहे.

फॉर्म्युला ई ही इलेक्ट्रिक गाड्यांची मालिका २०१४ मध्ये सुरू झाली. महिंद्रा रेसिंग पहिल्या सीझनपासून तिच्यात आहे. पहिल्या वर्षी सगळ्यांना सगळंच सारखं: सांगाडा, मोटर, बॅटरी. नवीन खेळ, कुणी बुडायला नको. दुसऱ्या सीझनपासून त्यांनी दार उघडलं, पण *ठरवून*. मोटर, इन्व्हर्टर, गिअरबॉक्स तुम्ही तुमचा बनवा. सांगाडा आणि बॅटरी मात्र सगळ्यांना तीच.

असं का? बॅटरी हा सर्वात मोठा खड्डा. तिची स्पर्धा लावली असती तर ज्याच्याकडे जास्त पैसा तोच जिंकला असता आणि बाकीचे दोन वर्षांत घरी गेले असते. उलट मोटर आणि सॉफ्टवेअरमध्ये कंपनीला काही शिकता येतं आणि पुढे रस्त्यावरच्या गाडीत वापरता येतं. तिथे वेगळेपणाला किंमत आहे. या चौकटीत राहूनच २०१७ मध्ये बर्लिनला महिंद्राने पहिली रेस जिंकली. बॅटरी तीच, जी हरलेल्यांकडे होती.

म्हणून मंडळी, सगळ्या लेखाचं सार एवढंच: *गिऱ्हाईक ज्या फरकाचे पैसे देतं तो फरक ठेवा. ज्याचे देत नाही तिथे एकसारखं करा. आणि एकसारखं केलं तरी पुरवठ्याचं दुसरं दार उघडं ठेवा.*

लोणच्यांवर परत येऊ

आम्ही त्या दिवशी फळ्यावर चार प्रश्न लिहिले. तुम्हीही वहीत लिहून घ्या.

१. हा फरक गिऱ्हाइकाला कळतो का, आणि तो त्याचे पैसे देतो का?
२. खर्च वस्तूत आहे की वस्तूच्या मागे, म्हणजे साचा, छपाई, पडून राहिलेला माल, शोधाशोध यांत?
३. इथे वाचलेला पैसा कुठल्या खात्यात दिसणार, आणि महिन्याने तो कोण तपासणार?
४. या एकाच मालात दोष निघाला तर पुढच्या तीन दिवसांत मी कुणाला फोन करणार?

ताईंनी एकेक ओळ घेतली. बरण्या नऊ प्रकारच्या. गिऱ्हाइकाला छोटी, मधली, मोठी एवढाच फरक हवा असतो. म्हणजे तीन आकार पुरे. आणि तिन्ही आकारांचं तोंड एकाच व्यासाचं घेतलं तर झाकण एकच! झाकणाचे पैसे कुणी देत नाही. गोदामात पडलेली झाकणांची पोती बघितली तर त्यातली निम्मी अशा बरण्यांची, ज्या आता मिळतही नाहीत. त्यांचं भोक इथे होतं.

तेलवाले चारावरून दोनच. मोठा भाग एकाकडून, थोडा दुसऱ्याकडून, दर महिन्याला न चुकता. दुसरं खातं चालू ठेवायचं म्हणजे त्यावर माल घ्यावा लागतो, नुसता नंबर जपून चालत नाही.

आणि मसाला? तिथे मी विचारलं, "लोक तुमच्याकडे परत का येतात?" ताई थोडा वेळ गप्प बसल्या. मग म्हणाल्या, "करवंदाच्या लोणच्यासाठी. तो मसाला माझ्या सासूबाईंचा आहे." मी फळ्यावर करवंदासमोर मोठ्याने लिहिलं: फेरारी. याला हात लावायचा नाही.

त्यांनी हिशेब केला. झाकणं, बरण्या, पडून असलेला माल आणि तेलाची वाहतूक एवढ्यात जे निघत होतं, ते मसाला एक करून वाचणाऱ्या पैशांच्या तिप्पट होतं. सीझन अजून चालू आहे. मे संपला की त्या वही घेऊन येणार आहेत, आकडे काय निघतात ते तेव्हा कळेल. चांगले निघोत किंवा वाईट, मी ते तुमच्यासमोर ठेवीन.

तोवर तुमचं काम. आज रात्री शटर ओढण्याआधी दुकानात एक फेरी मारा. ज्या वस्तू तुम्ही तीनपेक्षा जास्त प्रकारांत ठेवता त्यांची यादी करा. प्रत्येकीसमोर फक्त दोनच शब्दांपैकी एक लिहा: "झाकण" किंवा "करवंद". जिथे झाकण लिहाल तिथे उद्यापासून कात्री चालवा. जिथे करवंद लिहाल, तिथे घरातल्या, बाजारातल्या, माझ्यासारख्या ट्रेनरच्याही सांगण्यावरून हात लावू नका.

भेटू पुढच्या व्हिडिओत. गल्ला सांभाळा!